हरिद्रासेवन

सर वर्गात शिरले की मुलांची हजेरी घेण्याआधी स्वतःचा जबाब देत. "आज मी दोन कप चहा घेऊन आलोय. दुसऱ्यात आलं होतं. तेव्हा तासाच्या पहिल्या अर्ध्यात मी जे काही जोरात बोलेन, त्यातलं निम्मं श्रेय आल्याचं. नोंद घ्या." मग पानिपत सुरू व्हायचं. मुलं खरोखरच नोंद घ्यायची. एकाने तर परीक्षेत पानिपतच्या पराभवाच्या कारणांमध्ये 'आल्याचा अभाव' असं लिहिलं होतं. सरांनी त्याला अर्धा गुण दिला. "उत्तर चूक आहे," ते मला म्हणाले, "पण विचाराची दिशा बरी आहे."

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नव्या मुंबईत तेव्हा इमारतींपेक्षा इमारतींच्या पाट्या जास्त होत्या. आमचं कॉलेजही नवं, एका बाजूला अर्धवट सेक्टर आणि दुसऱ्या बाजूला जुनं आगरी गाव. मी रसायनशास्त्र शिकवायची, रत्नागिरीहून आलेली. सर इतिहासाचे, साताऱ्याकडचे, पन्नाशीच्या आसपासचे, उंच आणि कायम घाईत. माझी प्रयोगशाळा आणि त्यांची खोली शेजारीशेजारी होती. ते मला 'मॅडम' म्हणत आणि दार न वाजवता आत येत. ॲसिड उतू गेलं तरी चालेल, पण त्यांचा विचार थांबता कामा नये, असा एकूण कारभार होता.

इतिहासाचा माणूस म्हटला की शिवकाल धरतो, नाहीतर पेशवाई. सरांनी धरला होता खेळातल्या उत्तेजकांचा इतिहास. कोणी कोणत्या काळी काय खाल्लं, काय प्यायलं आणि मग कसा धावला, यावर त्यांना मराठीत ग्रंथ लिहायचा होता. सुट्टीच्या दिवशी ते मुंबईतल्या ग्रंथालयांत जाऊन बसत आणि सोमवारी संतापून परत येत.

"खेळाडूंनी काय घेतलं ते राहू द्या, मॅडम. इतिहासकारांनी काय घेतलं ते बघा. सगळ्यांनी एकमेकांचं घेतलंय!" मग ते स्टुलावर बसून सांगत. "प्रत्येक जण त्याच एका ग्रीक पैलवानापासून सुरुवात करतो. एकाच्या पुस्तकात त्याने अंजीर खाल्लं, दुसऱ्याच्यात अळंबी, तिसऱ्याच्यात बैलाचं काहीतरी. माणूस एक, पोट एक, आणि दर पुस्तकात ताट वाढतंय! त्या ग्रीकाला जेवताना बघितला कोणी?"

यातूनच त्यांचे तीन प्रश्न तयार झाले होते. कोणी पाहिलं? कोणी सांगितलं? आणि सांगणारा हरला होता का? तिसऱ्या प्रश्नावर त्यांचा फार जीव. "हरलेला संघ हाच डोपिंगचा पहिला इतिहासकार," असं ते ज्याला त्याला ऐकवत, एकदा तर गॅसच्या रांगेत पुढे घुसलेल्या माणसालाही. आणखी एक ठरलेलं वाक्य होतं. "ज्या काळी नियमच नव्हता, त्या काळच्या माणसाला चोर म्हणणं म्हणजे पेशव्यांकडे पालखीचं लायसन मागणं."

हे सगळं कागदावर राहिलं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण कॉलेजच्या स्पोर्ट्स डेला सरांना लिंबू-चमच्याच्या शर्यतीचे पंच केलं, हा प्राचार्यांचा निर्णय. सरांनी आधी प्रत्येक चमचा उन्हात धरून पाहिला, मग प्रत्येक लिंबाचा वास घेतला, मग लेडीज स्टाफला रांगेत उभं करून विचारलं, "सकाळपासून कोणी काय घेतलंय? लाजू नका, इतिहास माफ करतो." लायब्ररीच्या बाई म्हणाल्या, "दोन बटाटेवडे." सरांनी गंभीरपणे ते लिहून घेतलं. शर्यत त्याच बाईंनी जिंकली आणि पुढे कितीतरी दिवस स्टाफरूममध्ये त्यांच्या नावापुढे फुली होती.

प्राचार्यांची शंभर मीटर तर गाजलीच. प्राचार्य गुडघ्याने अधू, तरीही पहिले आले, कारण मागचे सगळे शिक्षक जागच्या जागी पळत होते. बक्षीस देताना सर माइकवरून म्हणाले, "नोकरीची भीती ही मागच्यांना गुंगी आणते की पुढच्याला उत्तेजन देते, यावर अजून पुरेसं संशोधन झालेलं नाही." त्यानंतर सरांना पंच कोणी केलं नाही, आणि प्रमोशन तर त्याच्याही आधीपासून कोणी देत नव्हतं.

खरं सांगायचं तर त्यांचं काहीच कुठे छापून आलं नव्हतं. लेख जात आणि परत येत. एका संपादकाने कळवलं होतं की विषय आपल्या संस्कृतीत बसत नाही. सर चिडले नाहीत, उलट खूश झाले. "बरोबर आहे त्याचं. आपल्या मातीतला पुरावा शोधला पाहिजे. ग्रीक पुरे झाला." मला त्यांचा हा स्वभाव फार आवडायचा. आपण चुकलो हे कळल्यावर इतका आनंद होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मातीतला पुरावा कॉलेजच्या कुंपणापलीकडेच होता. गावातले बाळारामदादा. शहर यायच्या आधी, सत्तरच्या सुमाराला, त्यांनी गावाला कबड्डीची जिल्ह्याची ढाल जिंकून दिली होती. खाडीपलीकडच्या बलाढ्य संघाविरुद्ध अंतिम सामना. दादा चढाईला गेले की त्यांना कोणी धरूच शकलं नाही, असं गावातलं शेंबडं पोरही सांगायचं. आता दादांची चाळिशी उलटली होती, पोट सुटलं होतं, ते ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत लागले होते आणि संध्याकाळी गावातल्या मुलांना कबड्डी शिकवत होते. पलीकडचा संघ मात्र त्या दिवसापासून एकच म्हणत होता, की बाळारामने काहीतरी केलं होतं. सरांना एवढंच पुरेसं होतं.

ते टेपरेकॉर्डर घेऊन दादांच्या घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या प्रयोगशाळेत नाचत आले. अक्षरशः नाचत, एक परीक्षानळी फुटली.

"हळद, मॅडम! हळद! त्याने स्वतः सांगितलं. 'त्या दिवशी हलद होती ना, सर. हलदीनंच जिकवला.' टेपवर आहे!"

"दुधातून घेतली होती का?" मी विचारलं.

"तो तपशील राहिला. तेवढ्यात सेल संपले. तुम्ही सांगा, हळदीत काय असतं?"

"रंग असतो, सर."

"आणि?"

"आणि ती माझ्या पांढऱ्या कोटावर पडली तर जन्मात जात नाही."

सरांनी खिशातून कागद काढून लिहिलं, 'रसायनतज्ज्ञांच्या मते परिणाम दीर्घकाळ टिकतो.'

त्याच वर्षी गावच्या क्रीडा मंडळाचा रौप्यमहोत्सव होता. स्मरणिका निघणार होती आणि समारंभात बाळारामदादांचा सत्कार होणार होता. मंडळाच्या पोरांनी सरांकडे लेख मागितला. सरांचा आयुष्यातला पहिला छापील लेख! त्यांनी तो आपल्या सर्वोत्तम भाषेत लिहिला, आणि तिथेच घात झाला. 'हळद' हा शब्द त्यांना ग्रंथाच्या मानाने घरगुती वाटला. छापून आलं ते असं: 'अंतिम सामन्यापूर्वी विजयी चढाईपटूने हरिद्रासेवन केले होते, हे त्याच्याच साक्षीवरून सिद्ध होते. तत्कालीन नियमांत हरिद्रेस मनाई नसल्याने यास दोष मानू नये.'

सरांच्या मते त्यांनी दादांना निर्दोष सोडवलं होतं. स्मरणिकेच्या प्रती त्यांनी शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना वाटल्या, मला दोन दिल्या. त्या दिवशी त्यांनी चहा न घेताच तास घेतला आणि तरी आवाज चढलेला होता.

गावात मात्र 'हरिद्रा' कोणालाच कळली नाही. शिरवण्याच्या बसस्टॉपवर एक जण म्हणाला, इंजेक्शन असतं, घोड्यांना देतात. पानवाल्याने सांगितलं, पावडर आहे, बाहेरून येते. दादांच्या कंपनीत पोरं डोळा मारून विचारू लागली, "दादा, हाय का थोडी हरिद्रा? नाइट शिफ्ट हाय." इथपर्यंत थट्टा होती. मग बायका आपली मुलं सरावाला पाठवेनाशा झाल्या. संध्याकाळी मैदानात दादा एकटेच रेघ आखून उभे राहायला लागले. मंडळाने सत्कार पुढे ढकलला. आणि खाडीपलीकडून त्या वेळचे कप्तान जनूदादा यांचा निरोप आला. आता तुमच्याच पुस्तकात छापून आलंय, येत्या रविवारी आम्ही ढाल न्यायला येतो.

बाळारामदादा तेव्हा कॉलेजात आले. डोळे लाल, हातात गुंडाळलेली स्मरणिका. सर माझ्याकडेच बसले होते.

"सर, मी तुमचा काय वाकरा केला? मी जन्मात कदी हरिद्रा घेतली नाय. कनच्या दुकानात मिलते ते बी मना ठाव नाय."

"अहो दादा, हरिद्रा म्हणजे हळद!"

"हलद?"

"तुम्हीच म्हणालात ना? हळद होती म्हणून जिंकलो?"

दादा सरांकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "आवो सर, हलद होती म्हंजे माजी हलद होती! लग्नाची! पाटंला लागली, सकाली फायनल, दुपारी लगीन. मी नवरदेव होतो! पिवलाधम्मक तसाच मैदानात गेलतो!"

मला हसू आवरेना. मी पाठ करून बेसिनचा नळ सोडला. सर मात्र स्टुलावर हळूच बसले.

"म्हणजे सेवन नव्हे," ते पुटपुटले. "लेपन."

दादा गेल्यावर त्यांनी माझी प्रत उघडून ते वाक्य पुन्हा वाचलं. "जन्मात एक लेख छापून आला, मॅडम. त्यातलं क्रियापदच चुकलं." मी म्हटलं, मंडळाला कळवा, ते दुरुस्तीचा कागद चिकटवतील. त्यांनी मान हलवली. "चूक गावभर वाचली गेली. दुरुस्ती कोपऱ्यात चिकटवायची? त्या माणसाच्या मैदानात पोरं येत नाहीत." रविवारी मीही त्यांच्याबरोबर गेले. त्यांना एकट्याला सोडायला मन होईना.

देवळाच्या सभामंडपात अख्खं गाव जमलं होतं. टेबलावर ढाल. एका बाजूला बाळारामदादा मान खाली घालून, दुसऱ्या बाजूला जनूदादा आणि त्यांचा जुना संघ, सातही जण, पांढऱ्या कपड्यांत, पोटं सांभाळत. खांबाशी बायका बसल्या होत्या, त्यांत बाळारामदादांच्या घरच्या वहिनी. ठसठशीत कुंकू, कडक नजर.

सर उभे राहिले. "मी आज चहा घेतलेला नाही. जे बोलेन ते सगळं माझं." आणि मग त्यांनी सरळ सांगितलं की लेख चुकला, हरिद्रा म्हणजे आपली हळद, ती यांनी खाल्लेली नाही, यांच्या लग्नात यांना लागलेली होती, आणि मी गाढव आहे. मंडप खदखदून हसला. एका बाईने शेजारणीला कोपर मारलं, "आगो, हलद! न मी पोराला घरान कोंडलाय!" दादांनी इतक्या दिवसांनी मान वर केली. एवढ्या हौसेचा एकुलता एक लेख स्वतःच्या हाताने पाडायला हिंमत लागते.

पण जनूदादा उठले. "मंग ता तेल? हलदीन तेल आसतं, सर! अंगाला तेल लावाचा नाय हा तवाबी नियम होता. आमी सात जनांनी धरला, सातांच्या हातातनं सटाकला! आमचं हात पिवलं झालतं!"

सरांचे डोळे चमकले. पुरावा समोर चालत आला होता. "मग तेव्हाच हरकत का घेतली नाही?"

जनूदादा जरा चाचरले. "आमच्याच म्हाताऱ्यांनी नको बोलून आरवला. नवऱ्याची हलद धुवाची नाय, बोलले. वंगाल आसतं."

"म्हणजे नियम तुमच्या बाजूने होता, आणि रीत तुम्हीच पाळलीत! मग निसटला म्हणून आता तक्रार कशी?"

मंडपात टाळ्या पडल्या. जनूदादाही डोकं खाजवत खाली बसायला लागले. इथे मिटलं होतं हो! दुसरा कोणी असता तर नमस्कार करून घरी गेला असता. पण सरांना एक प्रश्न सुचला होता, आणि सुचलेला प्रश्न गिळणं त्यांना जमत नसे.

"मॅडम," त्यांनी भर मंडपात मला विचारलं, "उन्हात अंगाची हळद किती वेळ ओली राहते?"

"थोडाच वेळ," मी म्हटलं. "मग सुकून गळते."

"तेच! मग मध्यंतरानंतर, दुसऱ्या डावात, बाळारामदादा कसे निसटले?"

बाळारामदादा पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडायला लागले. शेवटी त्यांचा जुना मित्र मागून म्हणाला, "मध्यंतरान परत लावली."

"कुठून आणलीत?"

"वाटी होती."

"कोणाची वाटी?"

बाळारामदादांनी वर पाहिलं, जनूदादांकडे नाही, ढालीकडेही नाही, खांबाशी बसलेल्या बायकोकडे. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नवऱ्याला लागून उरलेली उष्टी हळद नवरीकडे जाते आणि तीच तिला लागते. दादांची मित्रमंडळी ती वाटी घेऊन खाडीतून होडीने नवरीच्या गावाला निघाली होती, आणि वाटेत मैदान लागलं होतं.

वहिनी उठल्या. पदर खोचला. सगळा मंडप त्यांना वाट करून देत मागे सरकला.

"खारीत सांडली बोललाव ना मना? होरी हालली न वाटी खारीत सांडली? माज्या आयसनं घरातली हलद कुटून लावली मना. आख्खी जिंदगी मी त्या होरीवाल्याला शिव्या घातल्या!"

"आगो, फायनल होती..." दादा एवढंच म्हणू शकले.

"न माजा काय परॅक्टिस मॅच होता?"

सरांनी तोंड उघडलं. वहिनींनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. सरांनी तोंड मिटलं. मग वहिनी पलीकडच्या संघाकडे वळल्या.

"जनूदादा, ढाल न्यायला आलाव ना? न्या. दुसऱ्यान्दा लावली ती चोरीच झाली, मी बोलतंय. पन ती हलद कोनाची होती? माजी. लागली कोनाला? तुमच्या हाताला, साती जनांच्या. म्हंजे मना सात सवती, न मना आज कलतंय!"

मंडपात एक बाई किंचाळून हसली. जनूदादांनी नकळत दोन्ही हात पाठीमागे नेले. त्यांच्या मागच्या सहा जणांनीही नेले.

"तवा ढाल न्या न बिऱ्हाड घेऊन नांदाया या. यकीनं पानी भराचा, यकीनं मावरा साफ कराचा, यकीनं ह्यांचं पाय चेपाचं. उद्याच या. मी बसून खातंय."

मावरा म्हणजे मासळी, आणि त्या दिवशी घरी बोंबलांची पाटी आलेली होती, हे नंतर कळलं. जनूदादांनी ढालीकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं आणि हात जोडले. "वैनी, ढाल तुमच्याकरंच ऱ्हाऊंदे."

"ऱ्हाते ना? मंग आशी रिकामी जाव नका. सवाष्नी हाव तुमी."

आणि त्यांनी खरोखरच देवळातून तांदूळ आणि नारळ आणवले. सातही दांडग्या गड्यांना ओळीने उभं केलं, सदऱ्याचे पुढचे घोळ पसरायला लावले आणि कुंकू लावून एकेकाची ओटी भरली. बाळारामदादा नारळ पुरवत होते. तेवढी शिक्षा त्यांना मिळाली. गावातली पोरं हसून हसून मंडपाबाहेर लोळत होती, आणि मग तिथूनच ओरडली, "दादा, सांजला परॅक्टिस हाय ना?"

सरांनी एव्हाना पेनाचं टोपण काढलं होतं. पायऱ्या उतरताना जनूदादा त्यांच्याजवळ थांबले. कपाळावर कुंकू, सदऱ्याच्या घोळात नारळ, दोन्ही हात गुंतलेले.

"सर," ते हळूच म्हणाले, "यो छापू नका. हारलो तवा बी येवरा लाजलो नवतो."